प्रवेश आणि आपलेपणा : विद्यापीठातील समान संधी कक्षाचे कार्य

विद्यापीठात प्रवेश मिळणे आणि विद्यापीठ आपले वाटणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली कायद्याने साध्य होते. दुसरी कायद्याने केवळ सुकर होते. राखीव जागेवर निवड झालेल्या विद्यार्थ्याचे नाव नोंदवहीत चढले, म्हणजे तो वर्गात, प्रयोगशाळेत, वसतिगृहात आणि खाणावळीतही सामावला गेला, असे मानण्याची प्रथा बराच काळ रूढ होती. वस्तुतः या दोन अवस्थांमधील अंतर हेच समता व समावेशनासाठी नेमलेल्या सेवकवर्गाचे खरे कार्यक्षेत्र होय. हा सेवकवर्ग काय करतो, त्याचे यश कशावर अवलंबून असते आणि त्याचे काम कोठे अडते, हे समजून घेतल्याखेरीज समान संधी कक्षाचे मोल ठरविता येणार नाही.

ही जाणीव महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत राखीव जागांचा हुकूम काढला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या आदल्या वर्षीच, १९०१ साली, तेथे पहिले वसतिगृह उभे राहिले होते, याकडे तितकेसे लक्ष जात नाही. खेड्यातून आलेल्या मुलास शहरात राहावयास जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले नाही, तर शाळेचे दार उघडे असूनही त्याला त्याचा उपयोग नाही, हा या वसतिगृहांमागील विचार होता. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. पुढे १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांना एकाच छताखाली व एकाच पंक्तीत आणले. ते चालविण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. आज ज्या कामासाठी अधिकारी, समुपदेशक व लिपिक नेमले जातात, ते सारे काम त्या काळी वसतिगृह चालविणारी माणसेच करीत असत. विद्यार्थी आजारी पडला, घरून पैसे आले नाहीत किंवा अभ्यासात मागे पडला, तर कोणाकडे जावयाचे, हा प्रश्न त्याला पडत नसे.

आधुनिक विद्यापीठात हे काम अनेक खात्यांत विभागले गेले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. १९५१ सालच्या पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या अनुच्छेदात चौथे कलम घालून मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदी करण्याचा राज्यांचा अधिकार स्पष्ट केला. तथापि प्रवेशानंतर विद्यार्थ्याचे काय होते, याची पद्धतशीर चौकशी होण्यास पुष्कळ काळ लोटला. दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसंबंधी सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली दिलेला अहवाल या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. अध्यापकांचा दुरावा, परीक्षेतील वागणूक आणि वसतिगृहातील वेगळेपण यांसंबंधी अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचे अनुभव या अहवालात नोंदले गेले. उणीव प्रवेशाच्या नियमांत नव्हती. दैनंदिन व्यवहारात होती.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ सालच्या नियमांचा रोख याच दैनंदिन व्यवहारावर आहे. प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत समान संधी कक्ष असावा व भेदभाव-विरोधी अधिकारी नेमावा, असे हे नियम सांगतात. विशेष म्हणजे, भेदभाव म्हणजे काय, हे त्यांत केवळ तत्त्वरूपाने सांगितलेले नाही. वर्गात विद्यार्थ्याची जात उच्चारणे, ‘राखीव प्रवर्गातला’ असा त्यावर शिक्का मारणे, गुणांकनात दुजाभाव करणे, खाणावळीत वा क्रीडांगणावर वेगळे वागविणे, अशा प्रकारांची त्यांत गणना केलेली आहे. याखेरीज २०१६ च्या कायद्यानुसार ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवाव्या लागतात. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१९ च्या कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो.

या तरतुदी अमलात आणणाऱ्या सेवकवर्गाच्या कामाचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. पहिला भाग कागदपत्रांचा. तो क्षुल्लक वाटतो. परंतु विद्यार्थी गळण्याची सुरुवात पुष्कळदा येथेच होते. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याखेरीज, २००० सालच्या कायद्याखाली नेमलेल्या पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही अनेक ठिकाणी मागितले जाते. ते मुदतीत हाती आले नाही, तर मिळालेला प्रवेश धोक्यात येतो. शिष्यवृत्तीची रक्कम लांबली आणि फी-बाकीदारांच्या यादीत विद्यार्थ्याचे नाव फलकावर लागले, तर ती यादी लावणाऱ्याच्या मनात कोणताही आकस नसतानाही विद्यार्थ्याला त्यातून एकच अर्थ कळतो : आपण येथे उपरे आहोत. तीच थकबाकी शिष्यवृत्ती-विभागातील लिपिकाने परस्पर लेखाविभागास कळविली व नाव यादीतून वगळले, तर कोणताही नवा नियम न करता अपमान टळतो.

दुसरा भाग अध्ययनाचा. मराठी माध्यमातून पदवी घेतलेला विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात येतो, तेव्हा त्याला विषय कळत नाही असे नसते. इंग्रजीत लिहिलेला विषय वाचण्याचा वेग त्याच्याकडे नसतो. अशा विद्यार्थ्यास ‘कच्चा’ ठरविणे हे निदान चुकीचे होय. परिभाषेचे वर्ग, शोधनिबंधलेखनाचा सराव आणि वरच्या वर्गातील मार्गदर्शक विद्यार्थी यांची योजना कक्षाने पहिल्या महिन्यातच केली पाहिजे. परीक्षेच्या निकालानंतर केलेली मदत ही दंडासारखी भासते. अंध विद्यार्थ्यासाठी लेखनिक मिळवून देणे व परीक्षेत दर तासामागे किमान २० मिनिटांचा जादा वेळ प्रत्यक्ष मिळतो की नाही हे पाहणे, हेही याच भागात येते. ही सवलत कृपा नव्हे, तर मोजणीतील दुरुस्ती आहे. कारण परीक्षेला ज्ञान मोजावयाचे असते, लेखनाचा वेग नव्हे.

तिसरा भाग तक्रारींचा. येथे कक्षाची खरी कसोटी लागते. संशोधक विद्यार्थ्याचे अनेक वर्षांचे भवितव्य एका मार्गदर्शकाच्या स्वाक्षरीवर अवलंबून असते. ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची, त्याच्याच विभागातील सहकाऱ्यापुढे ती मांडावी लागली, तर ती मांडली जाण्याचा संभव अल्प. शिवाय विद्यार्थ्यास धीर देणारा आणि तक्रारीचा निवाडा करणारा अधिकारी एकच असला, तर दोन्ही कामे बिघडतात; धीर देताना तो तटस्थ राहात नाही आणि तटस्थ राहताना धीर देऊ शकत नाही. म्हणून सल्ला व निवाडा ही कामे वेगळ्या व्यक्तींकडे असणे, गोपनीयतेची हमी असणे आणि आवश्यक तेथे मार्गदर्शक बदलण्याची सोय असणे, या तीन गोष्टी अपरिहार्य ठरतात.

यात काय पणाला लागलेले असते, हे सांगण्यास दोन नावे पुरेशी आहेत. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद येथे संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने आणि मे २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर वैद्यकाची विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी हिने आपले जीवन संपविले. दोघांच्या मातांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ही याचिका प्रलंबित असताना जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे समता-नियम जारी केले. त्यांच्या काही तरतुदींवर तीव्र वाद उद्भवला व २९ जानेवारी २०२६ रोजी न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चे नियम तूर्त चालू ठेवण्याचा आदेश दिला. भेदभावाची व्याख्या कशी असावी, संरक्षण कोणास मिळावे, यांविषयी न्यायालयात व समाजात मतभेद राहतील. परंतु लेखनिक शोधणे, वैधता प्रमाणपत्राचा पाठपुरावा करणे, घाबरलेल्या विद्यार्थ्याचे म्हणणे दार बंद करून ऐकून घेणे, ही कामे कोणत्याही निकालाची वाट पाहात थांबू शकत नाहीत.

कक्षाचे मूल्यमापन बहुधा तक्रारींच्या संख्येवर केले जाते, आणि एकही तक्रार नसणे हे यश मानले जाते. हा निकष फसवा आहे. तक्रार नसण्याचा अर्थ अन्याय नाही असा होतो, तसाच विश्वास नाही असाही होतो. त्याऐवजी पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी किती विद्यार्थी अखेरच्या वर्षापर्यंत टिकले, जे गेले ते कोणत्या महिन्यात व कोणत्या कारणाने गेले, आणि जाण्यापूर्वी ते विद्यापीठातील कोणाशी बोलले होते, याची नोंद प्रत्येक विभागाने ठेवली, तर कक्षाचे काम कोठे कमी पडते ते आपोआप दिसेल. या तिसऱ्या प्रश्नापुढील रकाना ज्या विभागात रिकामा राहतो, तेथे कक्ष असूनही नसल्यासारखाच होय.