रसाच्या आंब्याचे नाव

उन्हाळ्याच्या दिवसांत पाणीगेटच्या घराघरांतून आमरसाची पातेली भरतात. पाहुणा वाटी रिकामी करून "हा आंबा कोणता?" असे विचारतो, आणि यजमान बहुधा "रसाचा" एवढेच सांगतात. या एका शब्दाआड किती तरी निरनिराळ्या झाडांची फळे दडलेली असतात. तिकडे आपल्या व्यापारी बंधूंचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कापून खाण्याचे फळ वेगळे आणि रसाचे वेगळे, हा भेद सर्वत्र आढळतो. इंग्लंडातील हर्फर्डशर परगण्यात सफरचंदाच्या रसापासून सायडर नावाचे मद्य करतात. ते पेय आपल्या आचारात बसणारे नाही. परंतु त्यामागील फळांची पारख शिकण्याजोगी आहे. त्यासाठी लागणारी कित्येक सफरचंदे इतकी तुरट व कडवट असतात की कोणी ती चावून खाऊ नयेत. अशा जुन्या जाती क्षीण होत चालल्या, तेव्हा तेथील एका निसर्गप्रेमी मंडळाने १८७६ ते १८८५ या काळात 'हर्फर्डशर पोमोना' हा सचित्र ग्रंथ सिद्ध केला व एकेका फळाचे रूप आणि नाव नोंदवून ठेवले.

आपला रायवळ आंबा याच जातकुळीचा. धागा पुष्कळ, फोडी करण्यास निरुपयोगी, परंतु पिळला की रस भरपूर. आपल्या भागातील आंब्याच्या कोयीत बहुधा एकच अंकुर असतो व तो परागसंकरातून झालेला असतो. म्हणून कोयीपासून वाढलेले झाड मूळ झाडासारखे फळ देईलच असे नाही. अर्थात रायवळाचे प्रत्येक झाड ही एक स्वतंत्र जातच होय. कलम बांधण्यापूर्वी ते तुटले, तर ती चव कायमची गेली.

नाव मिळाल्याने काय होते, हे केसर आंब्यावरून दिसते. गिरनारच्या पायथ्याच्या या आंब्यास जुनागढचे नवाब महाबतखान तिसरे यांनी १९३४ साली 'केसर' हे नाव दिले. नावामुळे मागणी आली, मागणीमुळे कलमे झाली, आणि २०११ साली 'गीर केसर' यास भौगोलिक मानांकनही लाभले. आपल्या वडोदरा जिल्ह्याचा वनराजही नावाजलेला आहे: मध्यम आकाराचे लांबट फळ, गडद पिवळी साल आणि खांद्यावर लाली. परंतु तोही "रसाचा" म्हणून ढिगात मिसळला, तर त्याची वेगळी ओळख गिऱ्हाइकास कशी व्हावी?

जात ओळखताना केवळ रंगावर विसंबू नये. फळाचे खांदे, चोच, देठाजवळची खळ, सालीवरील ठिपके, गराचा धागा व कोयीचा आकार पाहावा. पान चुरगळून वास घ्यावा. कोवळ्या पालवीचा रंग टिपावा. पाऊसपाण्याने फळात फरक पडतो, म्हणून एकाच झाडाची नोंद दोनतीन हंगाम ठेवावी.

आर्द्रा नक्षत्र लागले की आपल्या अनेक घरांत आंबा वर्ज्य होतो. नेमके तेव्हाच पावसास आरंभ होतो आणि परसात टाकलेल्या कोयी रुजू लागतात. कोय कलमाचा हाच काळ. दहापंधरा दिवसांचे तांबूस रोप घ्यावे, त्याचा शेंडा कापून खोडास मधोमध चीर द्यावी, आणि जतन करावयाच्या झाडाची तेवढ्याच जाडीची, पाने आठदहा दिवस आधी काढलेली पक्व काडी पाचरीप्रमाणे तासून त्या चिरेत बसवावी व घट्ट बांधावी.

हे काम माळ्याचे खरे. तथापि नाव टिकविण्याचे काम आपले आहे. येत्या हंगामात टोपलीवर पाटी लावताना झाडाचे, निदान गावाचे तरी नाव लिहावे. मालाची खरी ओळख देणे हा व्यापाऱ्याचा धर्मच आहे. त्यातच एखादे जुने झाडही वाचेल.