भारतनेट: निधी मंजूर होतो, मग वस्तीपर्यंत इंटरनेट का येत नाही?

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवरच भरावा लागतो. गावात नेट नसेल तर तालुक्याला जायचं, सायबर कॅफेत पैसे मोजायचे आणि सर्व्हर बंद असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. म्हणूनच ग्रामीण ब्रॉडबँडचं रखडणं हा आपल्यासाठी शिक्षणाच्या हक्काचा प्रश्न आहे.

घडलं काय? केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2011 मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. मुदत होती दोन वर्षांची. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायतींसाठीच 2017 चा डिसेंबर उजाडला. 2021 मध्ये 16 राज्यांसाठी खासगी भागीदारीचा मार्ग ठरला आणि 19,041 कोटी रुपये मंजूर झाले, पण निविदेला प्रतिसादच मिळाला नाही. पुढे ऑगस्ट 2023 मध्ये सुधारित भारतनेटला 1,39,579 कोटी मंजूर झाले.

मग पैसा अडतो कुठे? दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून 5 टक्के आकार खास ग्रामीण सेवेसाठी घेतला जातो. पण तो थेट योजनेकडे जात नाही. आधी भारताच्या संचित निधीत जमा होतो आणि संसदेने तरतूद केल्यावरच डिजिटल भारत निधीला मिळतो. म्हणजे गावांच्या नावाने गोळा झालेला पैसा दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दारात उभा असतो. त्यानंतर निविदा, खोदाईच्या परवानग्या आणि कंत्राटदारांची बिलं. यातलं एक अडलं की सगळंच थांबतं.

आणखी एक गोष्ट. फायबर येते ती ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत. तिथून गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीपर्यंतचं अंतर कोण भरून काढणार? पाणी आणि रस्त्याच्या बाबतीत आपण हेच अनुभवलं आहे.

सुधारित योजनेत ग्रामपंचायतीचं मुख्यालय नसलेल्या सुमारे 3.8 लाख गावांना मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद आहे. मागणीच नोंदवली नाही, तर आपलं गाव यादीत येणार कसं? म्हणून येत्या ग्रामसभेत लेखी ठराव मांडा. ग्रामपंचायतीतलं यंत्र सुरू आहे का, ते कधीपासून बंद आहे आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, हे माहितीच्या अधिकारात विचारा. जोडणी आली तर पहिली शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर आणि वस्तीतलं वाचनालय यांना मिळावी, हेही ठरावात लिहून घ्या.

निधी दिल्लीत अडतो हे खरं, पण गावातला हिशोब आपणच मागायचा आहे.