गाठ स्वादुपिंडातली, पण कोणत्या पेशींची?

मंडळी, "स्वादुपिंडात गाठ आहे" एवढं ऐकलं की घरच्यांचा धीर सुटतो. साहजिकच आहे, इथले दहापैकी सुमारे नऊ कर्करोग ॲडिनोकार्सिनोमा या आक्रमक प्रकारचे असतात. पण आपण जरा थांबूया. संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींचीही गाठ होते, तिला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात. ती बहुधा सावकाश वाढते. स्टीव्ह जॉब्ज यांना हीच होती. निदान २००३ मध्ये, निधन २०११ मध्ये.

मग ओळखायची कशी? कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन केला की ॲडिनोकार्सिनोमा सहसा काळपट दिसतो. ही गाठ मात्र उजळते, कारण तिला रक्तपुरवठा भरपूर. पण कधीकधी तीही काळपटच दिसते, आणि तिथेच फसगत होते. म्हणून एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून सुईने नमुना घ्यावा लागतो. त्यात सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन ही प्रथिनं आहेत का, हे आपण पाहतो. केआय-६७ हा आकडा वाढीचा वेग सांगतो : ३ टक्क्यांखाली मंद, २० च्या वर वेगवान.

एवढा खटाटोप कशाला? कारण दोन्हींची औषधं वेगळी, आणि पुढचं आयुष्यही वेगळं. तेव्हा बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना एवढं जरूर विचारा : गाठ कोणत्या पेशींची आहे?