वाकड्या रेझिनचे दिवस

रेझिनच्या रणगाड्यांना अखेर सक्तीची निवृत्ती मिळाली. २०२३ साली ‘वॉरहॅमर ४०,०००’ या टेबलावर छोट्या प्रतिकृतींनी खेळायच्या युद्धखेळाची दहावी आवृत्ती आली आणि सिकारन, फेलब्लेड, स्पार्टन अशी एके काळची मातब्बर वाहनं ‘लेजेंड्स’ नावाच्या अडगळीत गेली. म्हणजे नियम आहेत, पण स्पर्धेत ती आणू नयेत ही शिफारस. त्याच वर्षी ही रेझिनची मॉडेल्स करणाऱ्या ‘फोर्ज वर्ल्ड’चं वेगळं ऑनलाइन दुकानही मूळ कंपनीच्या, ‘गेम्स वर्कशॉप’च्या, दुकानात जमा झालं. नॉटिंगहॅम हे या खेळाचं पंढरपूर, आणि मी शेजारच्या लेस्टरमध्ये इतकी वर्षं काढलेली. लागायचं ते लागलंच.

आधीची वर्षं भराभर उरकतो. १९८७ मध्ये ‘रोग ट्रेडर’ हे पहिलं नियमपुस्तक आलं, तेव्हा टेबलावर मांडायला तयार वाहनं जवळपास नव्हतीच. ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकाने डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा करायचा, ते छापलं होतं. मग प्लॅस्टिकची ‘ऱ्हायनो’ ही चिलखती गाडी आली. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या ‘आर्मरकास्ट’ने परवाना घेऊन अवजड रणगाडे रेझिनमध्ये ओतले. त्या काळाबद्दल जुनी मंडळी गहिवरून बोलतात. मी तेव्हा नव्हतो, त्यामुळे मला गहिवर येत नाही.

मी होतो तो २००० नंतरच्या दशकात. फोर्ज वर्ल्डचा माल तेव्हा बराचसा मिश्र असे. लेमन रस किंवा किमेरा या नेहमीच्या प्लॅस्टिक गाडीचे भाग, आणि सोबत पिशवीत रेझिनचा नवा बुरूज, नवी तोफ किंवा अख्खा वरचा सांगाडा. दोन द्रव मिसळून सिलिकॉन रबराच्या साच्यात ओतायचे, असं ते काम. साचा झिजला की दोन अर्धुकं एकमेकांवरून सरकत आणि मधोमध पायरी उमटे. कोपऱ्यांत हवेचे बुडबुडे. वर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर. तो साबणाच्या पाण्याने घासून काढला नाही, तर रंग पापुद्र्यासारखा निघून येई.

तोफेची नळी तर हमखास वाकडी. ती गरम पाण्यात धरायची, मऊ झाली की काचेवर लोळवून सरळ करायची, लगेच गार पाण्यात टाकायची. उन्हाळ्यात खिडकीशी ठेवली की बाईसाहेब पुन्हा झुकलेल्या. मग कंटाळून नळी करवतीने कापायची, हातड्रिलने भोक पाडायचं आणि पितळी नळी बसवायची. प्लॅस्टिकचं सिमेंट रेझिनला चिकटत नाही, म्हणून सुपरग्लू. फटी बुजवायला ‘ग्रीन स्टफ’, म्हणजे आपल्या एम-सीलची निळी-पिवळी चुलत बहीण. घासायचं ते ओलं करून, तोंडाला मास्क लावून, कारण ती पूड फुप्फुसांसाठी वाईट.

आणि इथेच गंमत होती. नळी कापलीच आहे, तर थोडी लांब का करू नये? बुरूज तसाही नीट बसत नाही, तर तो मागे सरकवून पुढे दारूगोळ्याची पेटी का नको? सदोष ओतकामाने माझ्यासारख्या कारकुनी बोटांच्या माणसाच्या हातात करवत दिली. वर नियमही सामील होते. तिसऱ्या आवृत्तीच्या काळात कंपनीनेच वाहन-रचनेचे नियम छापले होते. चिलखत किती, शस्त्रं कोणती याचा हिशेब मांडायचा, गुण काढायचे, समोरच्याची संमती घ्यायची आणि खेळायचं. संमती न देणारे तेव्हाही होते. आमच्या क्लबात एक गृहस्थ फूटपट्टी घेऊन दुसऱ्यांच्या गाड्या मोजत. स्वतःची एकही गाडी त्यांनी कधी रंगवली नाही, हे आज छापून टाकतो.

नंतर वकील आले. गेम्स वर्कशॉपच्या गाड्यांना बसतील असे रेझिनचे दरवाजे आणि इतर भाग विकणाऱ्या ‘चॅप्टरहाउस स्टुडिओज’ या छोट्या अमेरिकी कंपनीवर २०१० मध्ये दावा ठोकला गेला. २०१३ मध्ये शिकागोत ज्यूरीने संमिश्र निकाल दिला. भरपाई २५,००० डॉलर, पण गेम्स वर्कशॉपचे बरेच दावे फेटाळले गेले. यानंतर ज्याचा डबा विक्रीला नाही, ते नियमपुस्तकांतून गळू लागलं. कार्यकारणभाव कंपनी कशाला सांगेल? आम्हाला मात्र शंका नाही. खेळातल्या ऑर्क सैन्याची ‘लूटेड वॅगन’, म्हणजे शत्रूची गाडी पळवून हवी तशी ठोकलेली गाडी, २०१४ च्या पुस्तकातून गायब झाली. मागाहून मासिकात नियम छापले, पण घरातून घालवलेल्याला ओसरीवर जेवू घालावं तसे.

२०२२ पासून स्पार्टन, सिकारन एकामागून एक प्लॅस्टिकमध्ये आले. खोटं कशाला बोलू, फार सुबक आहेत. भाग खटकन बसतात, फट नाही, बुडबुडा नाही. करवत काढायला निमित्तच उरलं नाही.

रेझिन म्हणे आता घरगुती प्रिंटरमधून परत आलंय. मराठी मंडळातल्या मित्राचा मुलगा परवा लेमन रसचा बुरूज छापून घेऊन आला होता. काम नीटस. मी म्हटलं, “संगणकावरच करतोस, तर नळी थोडी लांब करायचीस.”

“पण डब्यावर तशी नाहीये ना, काका.”