सिरीजचा बल्ब आणि साडेचारशे व्होल्ट

जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू कुठली, तर सिरीजचा बल्ब. लाकडी पाटीवर एक होल्डर, एक सॉकेट आणि मध्ये शंभर वॉटचा पिवळा दिवा. दुरुस्तीला आलेला सेट थेट बोर्डात कधी लावायचा नाही, आधी या दिव्यातून वीज द्यायची. दिवा भपकन पेटून मंद झाला, तर पुढे जायला हरकत नाही. पेटलेलाच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. व्हॉल्व्ह काढून एकदा, घालून एकदा, अशा दोन फेऱ्या झाल्या की दोष ट्रान्सफॉर्मरकडे आहे की पुढे, हे झाकण पुरतं उघडण्याआधीच कळतं. एलईडीच्या जमान्यात हा शंभरचा बल्बच आता दुकानोदुकानी विचारत फिरावा लागतो, हा भाग वेगळा.

गिटारचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर जळगावात किंवा धुळ्यात कोणाकडे असेल, तर तो अशाच टेबलावर येतो. असे सेट मोजकेच. खान्देशातली गिटार बहुतेक ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजली, तीही ट्रान्झिस्टरच्या सेटवर. अँग्लो-इंडियन कुटुंबं असलेल्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीमुळे हे वाद्य इकडे अगदीच परकं नव्हतं, एवढंच. पण व्हॉल्व्हची गोष्ट निराळी. तो इथे गिटारच्या कितीतरी आधी आला आणि घरोघरी पोचला.

दिवाणखान्यातला रेडिओ व्हॉल्व्हचा होता. चालू केला की आवाज यायला अर्धं मिनिट लागायचं, कारण आतला तंतू तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. लग्नाच्या मांडवातला, झाडाला कर्णा बांधून वाजणारा लाउडस्पीकरचा सेट व्हॉल्व्हचा होता. यात्रांमधून तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजचा आवाजही त्याच्यावरच चाले: फिल्मच्या कडेच्या पट्टीतून प्रकाशाचा झोत जायचा, फोटोसेल त्याची वीज करायचा आणि ती क्षीण वीज व्हॉल्व्ह मोठी करायचे. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजच्या अखेरच्या दिवसांवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. त्यात यंत्र पुन्हा चालू करण्यासाठी चाललेली खटपट जुन्या मेकॅनिकला ओळखीची वाटेल.

हे व्हॉल्व्ह देशातच बनू लागले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह काढायला सुरुवात केली. ‘बेल’चा शिक्का असलेला ईएल ८४ हा त्यातला एक. आता गंमत पाहा: बीटल्समुळे जगभर नाव झालेल्या व्हॉक्स एसी ३० या गिटार अँप्लिफायरमध्ये चार ईएल ८४ असतात. म्हणजे ज्या मेकॅनिकने धुळ्यात आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले, त्याने या विलायती सेटचा मुख्य अवयव कित्येकदा बदललेला असतो. फक्त त्यातून गिटार वाजते हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आणि मार्शल या दुसऱ्या नामांकित गिटार अँप्लिफायरचं मूळ तरी काय? १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. त्यांच्याकडे दुरुस्तीचं काम पाहणारे केन ब्रॅन आणि ईएमआयमध्ये उमेदवारी करणारा अठरा वर्षांचा डडली क्रेव्हन यांनी अमेरिकेच्या फेंडर बासमन या अँप्लिफायरचं सर्किट समोर ठेवून पहिला सेट बांधला. अमेरिकी व्हॉल्व्ह सहज मिळेनात, म्हणून पुढे इंग्लंडमध्ये बनणारे केटी ६६ घातले. ट्रान्सफॉर्मरही जवळपास मिळाला तो. जेटीएम ४५ या त्या पहिल्या मॉडेलचा जो आवाज पुढे रॉकची ओळख झाला, त्यातला बराचसा या ‘मिळेल ते लावा’मुळे आलेला आहे. ही पद्धत जळगावात कोणाला शिकवावी लागणार नाही.

व्हॉल्व्ह सेटचं खरं वैर मात्र खान्देशच्या विजेशी आहे. व्हॉल्व्हच्या तंतूला ६.३ व्होल्ट लागतात आणि त्यात दहा टक्क्यांची चूक तो सोसतो. विलायती सेटचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टच्या टॅपवर असेल आणि रात्री उशिरा लोड उतरल्यावर घरात २५० येत असतील, तर तंतूला मिळतात ७.१ च्या वर. तो मर्यादेबाहेर जळत राहतो. उलट संध्याकाळी पंप चालू झाले आणि व्होल्टेज १८० वर आलं, तर जेमतेम पाच मिळतात. अशा वेळी आवाज दबतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, व्हॉल्व्ह गेला. त्यात मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा जळगावचा उन्हाळा. मोठ्या सेटमधल्या चार ईएल ३४ व्हॉल्व्हचे नुसते तंतू ३८ वॉट खातात, तेही गिटारची तार छेडण्याआधी. पंखा नसलेल्या पेटीत ही उष्णता जाणार कुठे?

ती जाते कंडेन्सरमध्ये. दोष व्हॉल्व्हवर लावला जातो, कारण तो हाताने उपसून बदलता येतो आणि दिसतोही. पुष्कळदा आजारी असतो तो बाजूचा, कोरडा पडलेला फिल्टर कंडेन्सर. जाणता मेकॅनिक तो कानाने पकडतो. आपली वीज ५० हर्ट्झची. सेटमधून तीच खर्जातली गुणगुण येत असेल, तर तंतूच्या वायरी किंवा अर्थिंग तपासायचं. त्याच्या बरोबर एक सप्तक वरची, १०० हर्ट्झची गुणगुण असेल, तर फिल्टर गेला. रेक्टिफायर विजेच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, म्हणून दुप्पट. मीटर न लावता अर्धं निदान होतं ते असं.

दुसरा छुपा चोर म्हणजे कपलिंग कंडेन्सर. तो झिरपू लागला की मागच्या व्हॉल्व्हची डीसी वीज पुढच्याच्या ग्रिडवर चढते, करंटला धरबंध राहत नाही आणि काचेच्या आत राखाडी प्लेट लाल दिसू लागते. असं दिसताक्षणी प्लग ओढायचा. इथे नवा व्हॉल्व्ह घालणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाचा व्हॉल्व्ह फुकट घालवतो. काचेच्या आतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल, तर मात्र हवा शिरलेली आहे. त्या व्हॉल्व्हला इलाज नाही.

नव्या व्हॉल्व्हनंतर येतं बायस, म्हणजे सूर नसतानाही व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा हे ठरवणं. ईएल ३४ च्या कॅथोडखाली एक ओहमचा रजिस्टन्स घातला की त्यावरचे मिलिव्होल्ट हेच मिलिअँपिअर. प्लेटवर ४५० व्होल्ट आणि मीटरवर ३५ दिसले, तर व्हॉल्व्ह पावणेसोळा वॉट झेलतोय. त्याची मर्यादा पंचवीसची. एवढा साधा हिशेब न करता ‘आवाज मोकळा येऊ दे’ म्हणून बायस वाढवणारे महाभाग कमी नाहीत. बायस लावताना सेट उघडा आणि चालू असतो, म्हणून जुन्या लोकांची शिस्त: एक हात खिशात. आणि प्लग काढला तरी साडेचारशे व्होल्ट कंडेन्सरमध्ये बसून असतात. ते रजिस्टन्समधून उतरवायचे, स्क्रू-ड्रायव्हरची ठिणगी पाडून नव्हे.

सुट्या भागांचं म्हणाल, तर जुने ‘बेल’ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोधणारे आजही आहेत आणि परदेशातले हौशीही त्यांच्यावर डोळा ठेवून असतात. नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची तारांबळ उडाली होती. पुरवठा पुढे पुन्हा सुरू झाला.

ट्रान्सफॉर्मरसाठी मात्र खान्देशाला दूर जावं लागत नाही. केळी आणि कापसाच्या या मुलखात पाणबुडी मोटारी भरून देणारी दुकानं जागोजागी आहेत. मेन्स ट्रान्सफॉर्मर तिथे भरून मिळू शकतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हटलं की कारागिराने जरा थांबावं, कारण त्यात प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकाआड एक गुंफलेले असतात. सरळ भरला तर सेट वाजतो, पण वरचे सूर बोथट होतात. म्हणून जळलेला उलगडताना प्रत्येक थराचे फेरे मोजून वहीत लिहायचे. तो जळण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे स्पीकरची वायर न लावता सेट चालू करणं. “काय व्हयनं भाऊ, मना सेटले?” असं विचारत आलेल्या गिऱ्हाइकाला मेकॅनिक आधी तेच विचारतो, स्पीकर लावला होता का?