जगात जर्मनी, भारतात परभणी आणि नृत्यवर्गाची जाहिरात

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपल्या जिल्ह्यात लहान लेकरालाही पाठ असते. ती कुठून आली यावर वाद घालायला आपल्याला फार आवडतं. आज तो घालायचा नाही. पण ती ध्यानात असू द्या, पुढं लागेल.

आजचा विषय नृत्यवर्ग आणि समाजमाध्यमं. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा याच्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध असा की आमच्याकडं विचारायला आली ती आमचीच एक जुनी विद्यार्थिनी. ती कथक शिकवते. तिनं वर्गातल्या अकरा वर्षांच्या एका मुलीचा चक्रदार तोडा रीलवर टाकला, जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. आठवड्याभरात तो लाखावर वेळा पाहिला गेला. दुबईहून शाबासकी आली, इंदूरहून आली. प्रवेश किती आले? एकही नाही. उलट खाली दोघा-तिघांनी मुलीच्या अंगाबद्दल नको ते लिहिलं. ते फिरत फिरत मुलीच्या चुलत्यांच्या फोनवर पोचलं आणि वडिलांनी मुलीचं वर्गाला येणंच बंद केलं. आमची विद्यार्थिनी म्हणाली, “सर, सगळेच असं करतात. मग माझं चुकलं कुठं?”

आपण जरा मागं जाऊ. पूर्वी आपल्याकडं नृत्यवर्गाची जाहिरात कशी व्हायची? पेपरात घातलेलं हँडबिल, रिक्षावरचा भोंगा आणि खरी जाहिरात म्हणजे गणपतीच्या मंडळापुढचा नाहीतर शाळेच्या गॅदरिंगमधला नाच. पाहायला बसलेली माणसं गावातलीच. त्यांच्यातल्याच एखाद्या आईच्या मनात यायचं, आपल्या पोरीलाही घालावं का. पाहणारा आणि प्रवेश घेणारा एकच होता. आणि कुणी वावगं बोललं तर पुढच्या रांगेतले चार जण मागं वळून बघायचे. तेवढं पुरायचं.

‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ आपल्याच मुलखातला. तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या काळात, देवगिरीला शार्ङ्गदेवानं तो लिहिला. देवगिरी म्हणजे आपलं दौलताबाद. परभणीहून मनमाडच्या गाडीत बसलं की छत्रपती संभाजीनगरच्या पुढं लागतं. हा शार्ङ्गदेव दरबारात हिशेबाच्या खात्यावरचा अधिकारी होता, हे आम्हाला नेहमी गमतीचं वाटतं. संभाजीनगरच्या महागामी गुरुकुलाच्या शार्ङ्गदेव समारोहामुळं हे नाव तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. ग्रंथाचा सातवा, शेवटचा अध्याय नृत्याचा. त्यात हात, पाय, नजर यांचं वर्णन आहेच, पण सभासद कसा असावा आणि सभापती कसा असावा, हेही आहे. म्हणजे पाहणारा कोण, हा प्रश्न नृत्याच्या शास्त्रातच येतो. तो बाहेरचा, धंद्याचा प्रश्न नाही.

रीलची सभा कशी असते? तिला सभापती नाही, आणि सभासद कोण हे नाचणाऱ्याला कळत नाही. पाहणारा किती वेळ थांबला, त्यानं ते पुढं कुणाला पाठवलं, असल्या गोष्टींवरून ते यंत्र पुढचा पाहणारा शोधतं. तो जिंतूरचा आहे की जर्मनीचा, यानं त्याचं काही अडत नाही. वर्गाचं मात्र सगळं त्यावरच अडतं! संध्याकाळी साडेपाचला लेकराला स्कूटीवर सोडून सातला परत न्यायचं, तर माणूस वसमत रोडचा नाहीतर गंगाखेड रोडचाच लागणार. जगातली जर्मनी आपल्याला पाहते आणि भारतातली परभणी रिकामीच राहते, असा हा प्रकार आहे.

मग समाजमाध्यमं सोडायची का? आम्ही तसं म्हणणार नाही. आजची आई हँडबिल वाचत नाही, फोनच पाहते. प्रश्न एवढाच, की तिला फोनवर काय दिसावं. सगळ्यात चांगल्या मुलीचा तयार नाच पाहून आई वाहवा करते आणि मनात म्हणते, आमच्या पोरीला हे कुठलं जमायला! तुम्ही विकता शिकवणं आणि दाखवता तयार नाच. दोन्ही एक नव्हेत. शिकवणं दाखवा ना. पहिल्या दिवशी तत्कार कसा उभा राहतो, हातावर ताल देत पढंत कशी होते, चुकलेला पाय बाई कसा दुरुस्त करतात, घुंगरू कसे बांधायचे. यातल्या बऱ्याच गोष्टींना चेहरा लागतच नाही. पाय, हात आणि आवाज पुरतात. पेटीवरचा लेहरा आपलाच वाजवलेला असला तर गाण्याच्या हक्कावरून आवाज बंद होण्याची भीतीही राहत नाही. धंद्याच्या खात्याला सिनेमाची गाणी तशीही सगळी मिळत नाहीत.

आणि पालक काय विचारतात ते लिहा. फी किती, वेळ कोणती, बाई स्वतः शिकवतात की मोठ्या मुली, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसवता का, दहावीला वाढीव गुण मिळतात का. पाच मिनिटांचं काम आहे, पण किती वर्गांच्या पानांवर साधी फीसुद्धा सापडत नाही! गुगलच्या नकाशावर वर्गाची जागा फुकट नोंदवता येते. ‘डान्स क्लास परभणी’ असं शोधणारी आई उद्या दारात येणारी आई आहे. तिची किंमत दुबईच्या शाबासकीहून आम्ही जास्त धरू.

आता त्या मुलीकडं येऊ, कारण खरी अडचण तिथं आहे. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, हे कांटचं म्हणणं आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. ती मुलगी नाच शिकायला आली होती. तिचा नाच वर्गाची पाटी झाला, हे तिला कुणी विचारलं होतं का? प्रवेशाच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरात ‘फोटो वापरण्यास हरकत नाही’ असं होतं, वडिलांची सहीही होती. आम्ही विद्यार्थिनीला म्हटलं, ती सही फीसाठी होती गं. 2023 चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळून घेता येईल अशी संमती मागतो. कायदा नसता तरी ही संमती वेगळ्या कागदावर, नंतर मागं घेता येईल अशी असायला हवी. आणि वडिलांबरोबर लेकरालाही विचारायला हवं. अकरा वर्षांच्या मुलीला ‘नको’ म्हणता येतं. आपण विचारत नाही, एवढंच. आणखी एक. मुलीचा चेहरा, वर्गाचा पत्ता आणि रोजची वेळ या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी दिसल्या, तर ती कोणत्या वेळी कुठं असते हे अनोळखी माणसाला आपणच सांगितल्यासारखं होतं.

टिकटॉकची गोष्ट आठवत असेल. 29 जून 2020 ला सरकारनं 59 ॲप्स बंद केली, त्यात तेही गेलं. त्यावर जमवलेले प्रेक्षक गेले. दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेलं दुकान मालक म्हणेल तेव्हा उठवावं लागतं. म्हणून पालकांची नावं आणि फोन नंबर वर्गाच्या वहीत हवेत. शार्ङ्गदेव हिशेबनीसच होता, त्याला हे पटलं असतं.

आमच्या विद्यार्थिनीनं व्हिडिओ काढून टाकला आणि ती स्वतः त्या मुलीच्या घरी गेली. वडिलांनी चहा दिला, ऐकून घेतलं, हो म्हटलं नाही. मुलगी अजून परत आलेली नाही.

मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: पैसे भरून जाहिरात करावी का? करा, पण उन्हाळी सुट्टीच्या आधी थोड्या पैशात करून पाहा, आणि जाहिरात कुठल्या भागात दिसावी हे ठरवता येतं, तिथं परभणीच्या आसपासचा टापूच निवडा. नवीन येणाऱ्या प्रत्येक पालकाला विचारा, आमचं नाव कुठं कळलं? उत्तर वहीत मांडा. पाच-सहा महिन्यांनी ती वही घेऊन या, आपण मिळून वाचू. पुढची चिठ्ठी कुणाची आहे?