गंजलेला खिळा, मधाची गोडी

‘रस्टी नेल’ म्हणजे गंजलेला खिळा. नाव असं असलं, तरी जेवणानंतर घ्यायचं हे कॉकटेल गोड आणि उबदार लागतं. त्यात दोनच बाटल्या लागतात: स्कॉच व्हिस्की आणि ड्रॅमबुई. म्हणूनच प्रमाण चुकलं तर ते झाकायला तिसरं काही नसतं.

ड्रॅमबुई हे स्कॉटलंडचं लिक्युर. स्कॉचमध्येच हेदरच्या फुलांवरचा मध, वनौषधी आणि मसाले मिसळून ते करतात. १७४६ मध्ये कलोडनची लढाई हरलेला राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट स्काय बेटावर लपला आणि आसरा देणाऱ्या मॅकिननला त्यानं ही कृती दिली, अशी आख्यायिका आहे. गेलिक भाषेतल्या या नावाचा अर्थ ‘तृप्त करणारं पेय’ असा सांगतात.

इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनचं प्रमाण ४५ मिलि स्कॉचला २५ मिलि ड्रॅमबुई असं आहे. गोड फार आवडत नसेल, तर ड्रॅमबुई १५ मिलिवर आणा. महागडी सिंगल माल्ट यात घालू नका, मधापुढे तिचे बारकावे हरवतात. चांगली ब्लेंडेड स्कॉच पुरते.

जाड बुडाचा बुटका ग्लास बर्फानं भरा. खडे मोठे असू द्या, ते सावकाश वितळतात. दोन्ही मद्यं ओतून लांब चमच्यानं अर्धा मिनिट ढवळा. रस किंवा साय नसलेलं कॉकटेल शेकरमध्ये हलवत नाहीत, कारण हवा मिसळून ते गढूळ होतं. ढवळताना सुटणारं थोडं पाणी मात्र हवंच. त्यानं मद्याची धार उतरते आणि गारव्यानं गोडवाही दबतो.

शेवटी लिंबाची साल. आपल्या कागदी लिंबाची साल फार पातळ, म्हणून जाड सालीचं पिवळं लिंबू किंवा संत्रं घ्या. आतला पांढरा भाग कडू असतो, तो टाळून एक पट्टी सोला. ती ग्लासावर धरून पिळली, की तेलाचे बारीक थेंब उडतात आणि पहिल्या घोटाआधी त्यांचाच वास येतो.

एक हिशेब मात्र ध्यानात ठेवा. यात सोडा नाही, पाणी घातलेलं नाही. स्कॉच आणि ड्रॅमबुई दोन्हींत साधारण ४० टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे हा ७० मिलिचा ग्लास लार्ज पेगपेक्षाही मोठा झाला. गोडीमुळे ते जिभेला कळत नाही. तेव्हा ग्लास एकच, गप्पांच्या चालीनं सावकाश. आणि त्यानंतर गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायची.